होय, लोपीसांनी ते पाडले

गास्पर लोपीस यांच्या शोकसभेत तीन मते व्यक्त झाली आणि ती तिन्ही चुकीची होती. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. सभ्यता म्हणून गप्प राहिलो. आता त्या सभेची स्मरणिका निघाली आहे, चुका गुळगुळीत कागदावर छापून आमच्या होळी गावात घरोघर पोहोचल्या आहेत, आणि माझ्या सभ्यतेची मुदत संपली आहे.

पहिले मत आमच्या नगरसेवकांचे. त्यांच्या मते लोपीसांनी देशासाठी क्षेपणास्त्रे बनवली. लोपीसांनी एकही क्षेपणास्त्र बनवले नाही. घरातला पंखा बिघडला तरी ते माणूस बोलावीत. दुसरे मत एका तरुण प्राध्यापकांचे. शस्त्रांचा उबग येऊन लोपीसांनी नोकरीवर लाथ मारली आणि ते मातीकडे परतले, असे त्यांनी फार सुंदर शब्दांत सांगितले. शब्द सुंदर होते, एवढेच. लोपीस वयोमानानुसार निवृत्त झाले, निवृत्तिवेतन घेत होते, आणि शस्त्रांविषयी त्यांना उबग नव्हे, अभिमान होता. तिसरे मत व्यासपीठावरून नव्हे, तर मागे चहाच्या टेबलाशी हलक्या आवाजात मांडले गेले. ते सर्वांत जुने आणि सर्वांत चिवट आहे: ऐन चाचणीच्या वेळी हा माणूस घाबरला आणि त्याने आपल्याच देशाचे क्षेपणास्त्र पाडले.

यातले ‘पाडले’ हे खरे आहे. ‘घाबरला’ हे खोटे आहे. या दोन वाक्यांमधल्या अंतरात तो सबंध माणूस राहत होता.

मी निवृत्त इतिहास-शिक्षक. नव्वदच्या दशकात लोपीस नोकरी संपवून गावी परतले, तेव्हापासून ते जाईपर्यंत आमच्या दोघांच्या वाड्यांत एकच कुंपण होते. मी दुरून ऐकलेले लिहीत नाही.

त्यांची नोकरी काय होती, ते आधी स्पष्ट करतो, कारण त्याविना पुढचे काहीच कळणार नाही. पूर्व किनाऱ्यावरच्या एका चाचणी-तळावर ते सुरक्षेचे काम पाहत. क्षेपणास्त्र सोडले जाते तेव्हा त्या खोलीतल्या प्रत्येकाचे लक्ष ते कुठे जाणार याकडे असते. एकाच माणसाने ते कुठे जाऊ नये एवढेच पाहायचे असते. त्याच्यापुढे एक बटण असते. क्षेपणास्त्र वाट सोडून वस्तीकडे किंवा माणसांकडे वळले, तर त्याने ते बटण दाबून ते हवेतच फोडायचे. हे बटण ज्यांच्या हाताशी होते ते लोपीस. तळाचे नाव, क्षेपणास्त्राचे नाव, उंची, अंतर यांतले काहीही त्यांनी मला कधी सांगितले नाही. मी विचारले नाही असे नव्हे. शिक्षकाच्या सवयीने वारंवार विचारले. ते म्हणत, "सामंत सर, शपथ घेतलीय. पेरू खा."

अंगाने किरकोळ, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला पांढरा शर्ट, पायांत कॅनव्हासचे बूट, हात पाठीशी. उजवा अंगठा ताठ, वाकत नसे. स्मरणिकेत प्राध्यापक लिहितात की, त्या एका क्षणाच्या आठवणीने तो अंगठा कायमचा ताठरला. प्राध्यापकांना कळवू इच्छितो की, तो अंगठा लोपीस शाळकरी असताना केळीचा लोंगर उतरवताना कोयता लागून ताठरला होता. त्या वेळी ना बटण होते ना क्षेपणास्त्र.

त्यांचा एक प्रश्न होता. कोणत्याही गोष्टीआधी ते तो विचारीत: "तुकडे कुठे पडतील?" नारळ उतरवणारा माडावर चढला की हे खाली गोल फिरून आधी वाळत घातलेले कपडे, मग कोंबड्या, मग मला बाजूला करीत, आणि मगच वर पाहून हात हलवीत. गावातल्या दोन भावांना वाडीची वाटणी हवी होती, तेव्हा बाकीचे पंच रेघ कुठे मारायची ते बोलत होते. लोपीसांनी विचारले की, मधली विहीर कुणाच्या तुकड्यात पडेल आणि ज्याच्या तुकड्यात पडणार नाही त्याच्या पानवेलीचे काय होईल. वाटणी वर्षभर लांबली, मग राहूनच गेली. भाऊ अजून एकत्र आहेत. मी वर्तमानपत्राला एखादे खरमरीत पत्र लिहून त्यांना वाचून दाखवले की तेव्हाही ते शांतपणे हाच प्रश्न विचारीत. माझी कित्येक उत्तम पत्रे त्यामुळे टपालात पडली नाहीत. त्यांच्या पत्नी रोझीबाई म्हणत, "ह्यांना विचारून लग्न केलं असतं, तर अजून मी माहेरीच असते."

अणुचाचण्या झाल्या त्या उन्हाळ्यात गावाला एकदम आठवले की, आपल्याकडेही एक क्षेपणास्त्रवाला आहे. सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, भोंगे. वक्त्यांनी शत्रूची झोप उडवून टाकली. शेवटी लोपीस उभे राहिले. ते काय बोलले हे स्मरणिकेत नाही, कारण ते त्या दिवशी कुणाला फारसे आवडले नव्हते. ते म्हणाले की, वाडीला कुंपण लागते. कुंपण नसेल तर जनावर शिरते, आणि जनावराला उपदेश करून भागत नाही. म्हणून आपण कुंपण बांधले याचा त्यांना अभिमान आहे, आणि ते बांधणाऱ्यांतले आपण एक आहोत याचाही. पण कुंपणाचा काटा वाटेवर पडून शेजाऱ्याच्या पायात मोडला, तर चूक शेजाऱ्याची नाही, कुंपण घालणाऱ्याची आहे. एवढे बोलून ते बसले. टाळ्या थोड्या उशिरा पडल्या. शस्त्रांचा उबग आलेला माणूस असे बोलत नाही, आणि शस्त्रांच्या नशेतलाही नाही.

माझा भाचा जवळच्या मनवेलपाड्यात राहतो. कारखान्यात इंजिनिअर. रविवारी सुकेळी, म्हणजे आमच्याकडची वाळवलेली केळी, न्यायला यायचा आणि लोपीसांशी वाद घालायचा. एकदा म्हणाला, "काका, आता टेन्शनच नाही. त्यांचं मिसाइल आलं ना, की आपलं वर जाणार आणि हवेतच खल्लास."

"चांगलंच आहे," लोपीस म्हणाले. "खल्लास म्हणजे नाहीसं होतं का?"

"नाहीसं कसं होईल? तुकडे होतात."

"कुठे पडतील?"

"मुंबईवर तर नाही ना पडू देणार. बाहेरच कुठेतरी."

"मुंबईच्या बाहेर कोण राहतं?"

भाच्याने माझ्याकडे पाहिले, आणि मग स्वतःच हसला. "आपणच."

लोपीस हसले नाहीत. त्यांनी त्याला समजावले की, ढाल हवीच, पण ढालीवर आपटलेला भालाही शेवटी कुणाच्या तरी अंगणात पडतो. काही इंधने अशी विषारी असतात की, थोडे विहिरीत उतरले तरी त्या विहिरीचे पाणी पिता येत नाही. म्हणून ज्याच्या अंगणात पडणार, त्याला आधी विचारात घ्यायचे. देशाचे संरक्षण म्हणजे त्या अंगणाचेच संरक्षण. त्याहून वेगळा देश म्हणून काही असतो का? माझा भाचा वादात सहसा हरत नाही. त्या दिवशी त्याने वाद तिथेच सोडला आणि सुकेळी पिशवीत भरायला घेतली.

कासवांची गोष्ट ते आनंदाने सांगत, कारण ती गुप्त नव्हती. त्यांच्या तळाजवळच्या किनाऱ्यावर दरसाल समुद्री कासवे अंडी घालायला येत. पिल्ले बाहेर पडली की उजेडाकडे जातात. पूर्वी तो उजेड पाण्यावरचा असे, आता तळावरच्या दिव्यांचा. पिल्ले समुद्राला पाठ करून आत येत आणि वाळूत मरत. लोपीसांनी समुद्राकडचे दिवे त्या दिवसांपुरते मालवायला सांगितले. वरिष्ठांनी विचारले की, कासवांसाठी संरक्षण-तळ अंधारात ठेवायचा? यावर लोपीसांचे उत्तर होते, "साहेब, अंधारात शत्रूलाही आपण दिसत नाही." दिवे मालवले गेले. हे सांगताना ते असे खुलत की, आपण देशाची एक मोठी लढाई जिंकून आलो आहोत असे वाटावे. माझ्या मते ते जिंकूनच आले होते.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

दोन हजारनंतर एका वर्षी आमच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर संरक्षण दलाचा सराव ठरला. त्यात क्षेपणास्त्र डागले जाणार होते. समुद्राचा एक पट्टा एका दिवसापुरता बंद करायचा होता, आणि तसे सांगायला एक तरुण अधिकारी आमच्या जुन्या किल्ल्याजवळ पाचूबंदरच्या कोळीवाड्यात आला. कोळ्यांची सभा भरली. लोपीस मला घेऊन गेले. पाचूबंदर त्यांना परके नव्हते. लहानपणी केळी देऊन सुकी मासळी आणायला ते तिथे जात, आणि दुमिंग नावाच्या सवंगड्याच्या बोटीवर सुट्ट्या काढीत. दुमिंग आता नव्हता. त्याचा थोरला मुलगा जेरोम बोट चालवत होता.

अधिकारी सज्जन होता. नकाशा लावून त्याने पट्टा दाखवला, वेळ सांगितली, आणि अदबीने विचारले की, सकाळी त्या वेळेच्या आत सगळ्या बोटी बाहेर निघतील ना? सभा एका आवाजात म्हणाली, "हो साहेब." अधिकाऱ्याने समाधानाने नकाशाची गुंडाळी केली.

लोपीस उभे राहिले. "साहेब, हे हो म्हणतायत. पण निघणार नाहीत."

अधिकाऱ्याने विचारले, का? लोपीसांनी सांगितले की, या लोकांचे डोल जाळे समुद्राच्या तळात रोवलेल्या खुंटांना बांधलेले असते. भरती-ओहोटीची ओढ त्यात मासळी लोटते. ओढ चालू असताना ते जाळे उचलता येत नाही. पाणी थांबेपर्यंत बोट तिथेच धरून बसावी लागते. तुम्ही दिलेली वेळ ऐन ओढीची आहे, आणि दिवस उधाणाचा. भर ओढीत जाळे सोडून कोळी परत येत नाही. पण वर्दीतल्या माणसाला नाही म्हणायची इथे रीत नाही. म्हणून हो म्हणायचे, गस्तीची बोट आली की हात हलवायचा, ती गेली की तिथेच थांबायचे. तुमच्या कागदावर पाणी मोकळे असेल. समुद्रात नसेल.

कोळी खवळले. त्यांचे वर्मच लोपीसांनी सरकारपुढे उघडे केले होते. जेरोम पुढे आला. मोठ्या छातीचा, मोठ्या आवाजाचा माणूस. तो म्हणाला, "काका, तू कोनाचा? आमचा का त्यांचा? आमच्या घरचा सुका खाल्लास नि आमालाच खोटा पाडतोस?" आणि मग, सगळ्यांना ऐकू जाईल असे, "आमाला ठाव हाय तू कोन तो. आपलाच रॉकेट पाडून आलास. घाबरट."

तो शब्द त्यांच्या पाठीमागे गावात वर्षानुवर्षे फिरत होता. तोंडावर त्या दिवशी पहिल्यांदा आला, तोही दुमिंगच्या मुलाकडून. अधिकारी त्यांच्याकडे वेगळ्याच नजरेने पाहू लागला. मला वाटले, आता हा माणूस शपथ मोडेल किंवा सभा सोडून जाईल. मी स्वतः तर भांडायला उठलोच होतो.

लोपीसांनी मला हाताने खाली बसवले. मग ते पाचूबंदरच्या भाषेत, जेरोमकडे पाहत म्हणाले, "पाडला. खाली मानसा होती."

जेरोम आपल्या जागी जाऊन बसला. अधिकाऱ्याने नकाशा पुन्हा उलगडला आणि विचारले, "पाणी कधी थांबतं?" त्याचे उत्तर मात्र कोळ्यांनीच दिले, सगळ्यांनी एकदम, आणि या वेळी खरे. सराव दुपारनंतर, जाळी उचलून झाल्यावर करायचा, असे ठरवण्याचा प्रयत्न करू असे तो म्हणाला. पुढे तसे ठरलेही.

परतताना किल्ल्याच्या तटाशी लोपीस थांबले. जे त्यांनी कधी सांगितले नव्हते ते तिथे थोडक्यात सांगितले, नावे आणि आकडे वगळून. त्या चाचणीच्या दिवशीही गस्तीच्या बोटीने कोळ्यांना विचारले होते, जाल ना? ते हो म्हणाले होते. "जाळी वेगळी होती सर, पण जाळं पाण्यात असलेला माणूस सगळीकडे एकच." खोलीत कागद आला: पाणी मोकळे. लोपीसांनी पुन्हा एकदा पाहून यायला सांगितले. त्यांना उत्तर मिळाले, पाहिले आहे. क्षेपणास्त्र सुटले, आणि थोड्या वेळाने डावीकडे झुकू लागले. नकाशावरची धोक्याची रेघ अजून दूर होती. खोलीतले सगळे म्हणत होते, थांबा, सावरेल. कदाचित सावरलेही असते. पण ते ज्या पाण्याकडे झुकले होते ते पाणी मोकळे आहे यावर त्या खोलीत एकाच माणसाचा विश्वास नव्हता. त्याने बटण दाबले. तुकडे अलीकडच्या रिकाम्या पाण्यात पडले.

"आणि बोटी?" मी विचारले.

"संध्याकाळी परत आल्या. सगळ्या. त्याच पाण्यातून."

मग याची नोंद का नाही, असे मी इतिहासाच्या शिक्षकाला शोभेल अशा संतापाने विचारले. ते म्हणाले की, नोंद कशी होणार? कागदावर पाणी मोकळे होते. जिथे बोटीच नव्हत्या तिथे वाचले कोण? त्यामुळे चौकशीत एवढेच उरले की, लोपीस यांनी बटण वेळेआधी दाबले. शिक्षा झाली नाही. बढतीही झाली नाही. सांगताना त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता. एकाच गोष्टीचा सल होता. "पाडायला नको होतं, सर. अडवायला हवं होतं. सुटायच्या आधी."

म्हणून ते त्या दिवशी कोळ्यांच्या सभेत उभे राहिले होते. चहाच्या टेबलाशी कुजबुजणाऱ्या सद्गृहस्थांना मी विचारतो: सगळी खोली थांबा म्हणत असताना, आपल्या आयुष्याचे काम आपल्याच हाताने फोडायला किती भीती लागते? आणि ज्यांच्यासाठी फोडले त्यांनीच घाबरट म्हटल्यावर त्यांच्याच जिवासाठी पुन्हा उभे राहायला?

सरावाच्या दिवशी दुपारी आम्ही पाचूबंदरच्या धक्क्यावर गेलो. बोटी लागत होत्या, टोपल्या उतरत होत्या, लिलावाचा कल्लोळ चालू होता. अधिकाऱ्याने पाठवलेला वायरलेसवाला एका बाजूला उभा होता. त्याने कोळ्यांना विचारले, सगळ्या आल्या का? आसपासच्या माणसांनी नेहमीच्या सुरात सांगितले, हो साहेब, सगळ्या. त्याने यंत्र तोंडाशी नेले.

लोपीस त्याच्याकडे गेले नाहीत. गर्दीतून वाट काढून ते जेरोमसमोर जाऊन उभे राहिले. सभेनंतर त्या दोघांत शब्द झाला नव्हता. हात पाठीशी बांधून त्यांनी विचारले, "पानी मोकळा हाय का?"

जेरोमने समुद्राकडे पाहिले, मग वर्दीकडे, मग लोपीसांकडे. हो म्हणणे त्याला सोपे होते. त्याच्या बापजाद्यांनी वर्दीला दुसरे काही सांगितले नव्हते.

"नाय काका," तो म्हणाला. "आमचा आंतोन हाय अजून. जाला खुंटात अडकलाय."

आंतोन त्याचा धाकटा भाऊ. वायरलेसवाल्याला लोपीसांनी एका शब्दात सांगितले, थांबा. त्याने यंत्रावर तसे कळवले, आणि पलीकडे थांबले. धक्क्यावरचा लिलावसुद्धा मंदावला. जेरोम पाण्याच्या कडेला उभा होता, आणि त्याच्या शेजारी, खांद्याला खांदा लावता येईल इतक्या जवळ, लोपीस. बऱ्याच वेळाने किल्ल्याच्या टोकाआडून एक बोट दिसली.

त्यानंतर ते काही महिने होते, पण आजारी, रोझीबाईंच्या देखरेखीखाली, खाटेवर. मी त्यांना रोज भेटत असे आणि ते मला रोज पेरू देत. तरीही मला ते आठवतात ते धक्क्यावरचेच. पश्चिमेकडून सरावाचा पहिला आवाज आला, जड, लांबचा, पायाखालून जाणारा, तेव्हा धक्क्यावरची सगळी माणसे माना उंचावून तिकडे पाहत होती. लोपीस तिकडे पाहत नव्हते. ते वाकून आंतोनच्या बोटीचा दोर खांबाला बांधत होते. ताठ अंगठ्यामुळे गाठ बसेना. आंतोन बोटीतून हसत होता. जेरोम शेजारीच उभा होता, आणि दोर त्यांच्या हातून काढून घेत नव्हता.